अजिंठ्याचा निळा आणि आपला झाडपाला

आम्हा नशिराबादकरांना अजिंठा म्हणजे डबा घेऊन करायची एका दिवसाची सहल. तिथे दर वेळी कुणीतरी सांगतंच, "हे सगळे झाडपाल्याचे रंग बरं का!" आता त्याच्या रील्सही निघतात, मागे बासरी. मला या वाक्याची चीड येते. केळीचा चीक शर्टावरून जन्मात जात नाही हे आम्हा खानदेशींना पक्कं ठाऊक आहे. पण पानाफुलांचा रस भिंतीवर दीड हजार वर्षं टिकेल?

अजिंठ्याचे रंग बहुतेक दगडमातीचे आहेत. तांबडा गेरूचा, पिवळा पिवळ्या मातीचा, हिरवा आपल्याच काळ्या पाषाणात सापडणाऱ्या हिरव्या मातीचा, काळा काजळीचा. निळा मात्र इथला नाही. तो लाजवर्द, अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतला दगड. पाचव्या शतकात, वाकाटक राजा हरिषेणाच्या सुमारास, तो वाघूर नदीच्या घळीत पोचला. कुणीतरी तो खणला, जनावरावर लादला, विकला, विकत घेतला, कुटला. १६ क्रमांकाचं लेणं कोरून घेणारा हरिषेणाचा मंत्री वराहदेव, त्याच्यासारख्या पैसेवाल्यांशिवाय हे परवडणारं काम नव्हतं.

पुढे हाच दगड व्हेनिसमार्गे इटलीत गेला. तिथे त्याचं नावच पडलं 'समुद्रापलीकडचा'. सिएनात दुच्चोने १३०८ ते १३११ मध्ये रंगवलेल्या 'माएस्ता'त मेरीचा झगा याच निळ्याचा आहे. सोन्याच्या शेजारी बसवायच्या लायकीचा रंग म्हणून तो मेरीला. त्यात भक्ती होती आणि देणगीदाराची ऐपतही. दूरून आला म्हणूनच त्याचा मान. आपण मात्र तेच दूरपण लपवतो, कारण 'शुद्ध', 'आपलं', 'नैसर्गिक' असं म्हटलं की लाईक मिळतात. 'बाहेरून आणला' म्हटलं की लगेच कमेंटमध्ये भांडण.

आणखी एक गोष्ट. १९२० ते २२ या काळात निजामाने चेक्कोनी आणि ओर्सिनी हे इटालियन तज्ज्ञ बोलावले. त्यांनी चित्रांवर लाखेचा लेप दिला, तो पुढे पिवळा पडला. पुरातत्त्व खात्याने काही ठिकाणी तो काढलाय. आपण काय करतो? फोटोवर तपकिरी फिल्टर टाकून तो परत चढवतो, का, तर जुनं दिसावं म्हणून!

पुढच्या वेळी फिल्टर बंद ठेवा. पहिल्या लेण्याच्या छताकडे मान वर करून बघा. टोप्या आणि मोजे घातलेले परदेशी पाहुणे तिथे पेले घेऊन आरामात बसलेत.