पडद्यावरची शाळा कोणासाठी?

२०२० च्या मार्चमध्ये शाळांना कुलपे लागली आणि राज्यकर्त्यांनी मोबाइललाच शाळा ठरवून टाकले. वस्तुतः २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीने ग्रामीण भागातील अवघ्या १४.९ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय असल्याचे नोंदवले होते. संगणक तर ४.४ टक्क्यांकडेच होता. ही व्यवस्था कोणाची मुले वर्गाबाहेर ठेवणार, हे सरकारला अगोदरच ठाऊक असावयास हवे होते. शेतमजुराच्या घरी मोबाइल असलाच तर तो बापाबरोबर कामावर जातो. पोरीने शिकावयाचे कशावर?

आता ‘मिश्र अध्यापना’चा जयघोष चालू आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने त्याची भलामण केली आहे. पण जेथे शिक्षकच नेमलेला नाही, तेथे मिसळावयाचे तरी काय?

तंत्राशी वैर धरण्याचे कारण नाही. केरळने १ जून २०२० पासून धडे दिले ते सरकारी दूरचित्रवाहिनीवरून. प्रश्न मालकीचा आहे. बायजूज कंपनीचे मोल २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलर सांगितले जात होते; २०२४ मध्ये तिच्यावर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. असल्या सट्ट्यावर बहुजनांच्या मुलांचे भवितव्य सोपवावयाचे काय?

राष्ट्रीय उत्पन्नाचे ६ टक्के शिक्षणावर खर्चावेत, असे कोठारी आयोगाने १९६६ मध्येच सांगितले. नव्या धोरणानेही तोच आकडा निर्लज्जपणे पुन्हा लिहिला आहे. तो प्रत्यक्षात उतरेपर्यंत, जिल्हा परिषदेच्या शाळांतील रिक्त पदे आधी भरा, असे ठराव कार्यकर्त्यांनी गावोगावच्या ग्रामसभांत मांडले पाहिजेत.