हलका हात

आहुप्याला गेलायत कधी? मंचर, घोडेगाव, मग डिंभे धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने गाडी वर चढत राहते आणि एका जागी रस्ताच संपतो. पुढे कडा, खाली थेट कोकण, समोर गोरखगड आणि मच्छिंद्रगड. आमचा ग्रुप वीकएण्डला तिथे डोकं शांत करायला गेला होता. माझं डोकं मात्र पुण्यात, बाबांच्या टर्नटेबलपाशी अडकलेलं!

टर्नटेबल म्हणजे थोरेन्स टीडी 160. हे मॉडेल 1972 सालचं. त्याची तबकडी आणि आर्म तीन स्प्रिंगांवर झुलतात, त्यामुळे मोटरची थरथर सुईपर्यंत पोचत नाही. पण आता आर्मचं बेअरिंग सैल झालंय. रेकॉर्ड संपत आली की कुमारजींचा आवाज चिरकतो आणि बाबा उठून बंद करतात. ‘राहू दे गं, रेकॉर्ड खराब होईल.’ गेले सहा महिने त्यांनी ती लावलेलीच नाही. म्हणून ठरवलं, एका मोठ्या असाइनमेंटचे पैसे आलेत, त्यात नवा टोनआर्म!

पण कोणता? ग्रुपमधला आमचा ऑडिओ-गुरू म्हणाला, ‘घ्यायचाच तर भारी घे. बारा इंची!’

उत्तर मिळालं आम्ही उतरलो होतो त्या घरच्या अंगणात. मामा वाळलेल्या हिरड्याचं पोतं स्प्रिंगच्या काट्याला लावून वजन करत होते. मी आकडा वाचायला पुढे झाले, तर म्हणाले, ‘थांबा ताई, झुलायचं थांबू द्या.’ मग माझ्या लक्षात आलं, लहान पिशवी भराभर नाचते, भरलेलं पोतं संथ हेलकावतं. वजन वाढलं की झोका मंदावतो.

बॉस, टोनआर्मचं गणित हेच आहे! सुई ज्या मऊ दांडीवर असते, ती स्प्रिंग. आर्म आणि कार्ट्रिज मिळून पोतं. या जोडीचा झोका सेकंदाला 8 ते 12 वेळा हवा. संगीत सुरू होतं 20 च्या आसपास, म्हणजे त्याला धक्का नाही. आणि वाकड्या रेकॉर्डचे हेलकावे, पावलांचे दणके, टर्नटेबलच्या स्प्रिंगांचं झुलणं हे सगळं त्याच्या खाली राहतं.

आमचं कार्ट्रिज ऑर्टोफॉन 2एम रेड, 7.2 ग्रॅमचं, बऱ्यापैकी मऊ. 11 ग्रॅम इफेक्टिव्ह मासचा, म्हणजे सुईला तेवढं वजन जाणवणारा आर्म लावला, तर हिशेब 8 वर येतो. 20 ग्रॅमचा लावला तर 7 च्याही खाली. म्हणजे रेकॉर्ड जरा वाकडी असली की सुई डुलायला लागणार. शिवाय जड आर्मने स्प्रिंगवरची फ्रेमही एका बाजूला कलते. आणि बारा इंची आर्म? तो या टर्नटेबलवर मावतच नाही!

मग उरलं काय? एसएमईने 2019 च्या शेवटी सुटे आर्म विकणं थांबवलं, जपानची जेल्को 2020 मध्ये बंद झाली. हे दोन्ही सेकंडहॅण्ड मिळतात, पण बेअरिंगची खात्री कोण देणार? एका सैल बेअरिंगने आधीच वैताग आणलाय. म्हणून रेगा. 1983 च्या आरबी 300 पासून यांचे आर्म साधारण 11 ग्रॅमचे, आणि थोरेन्सवर ते बसवणारे खूप आहेत. उंची बदलायला खाली चकत्या घालाव्या लागतात, एवढीच कटकट.

सगळ्यात बेस्ट म्हणजे टीडी 160 चा आर्मबोर्ड सुटा निघतो. नव्या आर्मसाठी नवा बोर्ड कापायचा. बाबांचा जुना आर्म त्याच्या बोर्डासकट कपाटात. मूळ मशीनला एकही भोक नाही!

परतताना घोडेगावात गाडी थांबवून बाबांना फोन केला. आधी ‘कशाला खर्च’ झालं. मग जरा थांबून म्हणाले, ‘भारी घेतेयस ना?’

म्हटलं, ‘नाही बाबा, हलका!’