वरच्या तीन ओळी खोडणाऱ्यांनो, जाब द्या!



घडलं ते असं. जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणणारी, हौशी मंडळींनी नोकऱ्या सांभाळून लिहिलेली लायब्ररी एका 'संपूर्ण स्वनिर्मित' उत्पादनात जशीच्या तशी सापडली. फंक्शनांची नावं तीच. अक्षराच्या आधी असलेली ऱ्हस्व वेलांटी अक्षरानंतर नेण्याची युक्ती तीच. कॉमेंटमधली स्पेलिंगची चूकसुद्धा तीच! फक्त फाइलीच्या डोक्यावरच्या तीन ओळी, म्हणजे लिहिणाऱ्यांची नावं, साल आणि एमआयटी या खुल्या परवान्याचा उल्लेख, गायब. त्या जागी 'सर्व हक्क राखीव'.

कोड वापरला याचा राग कुणालाच नाही. वापरावा म्हणूनच तो खुला ठेवला होता. बदला, विका, स्वतःच्या उत्पादनात घाला, एक रुपया देऊ नका. सगळ्याला मुभा आहे. आमचं भांडण आहे ते 'वरचं उडवून टाक' या आपल्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात मुरलेल्या सवयीशी. नवी पोरं कामाला लागली की सिनिअर त्यांना हेच शिकवतात, आणि पोरांना वाटतं, कामाची हीच रीत.

एमआयटी परवाना जेमतेम पावणेदोनशे इंग्रजी शब्दांचा. त्यात वापरणाऱ्यावर अट एकच, तीही 20 शब्दांची: कॉपीराइटची ओळ आणि हा परवाना प्रत्येक प्रतीत राहू द्या. कित्येक महिन्यांच्या मेहनतीचं मोल एवढंच मागितलं, आणि तेही बुडवायचं?

ही अट पाळणं किती सोपं आहे ते पाहा. अँड्रॉइड फोनवर तुम्ही मराठी वाचता, तेव्हा रफार नेमका कुठल्या अक्षरावर बसवायचा, जोडाक्षर कसं जुळवायचं, हे काम हार्फबझ नावाची सामायिक लायब्ररी करते. क्रोम, फायरफॉक्स आणि लिबरऑफिसमध्येही तीच आहे. तिचा परवानाही एमआयटीच्याच घराण्यातला. फोनच्या सेटिंगमध्ये कायदेशीर माहितीचं पान उघडा. अशा लायब्ररींच्या परवान्यांची न संपणारी यादी दिसेल. कोट्यवधी फोनांत ती यादी मावते, आणि या नावं खोडणाऱ्यांच्या एका अ‍ॅपमध्ये तीन ओळी मावत नाहीत!

आता यांची ठरलेली उत्तरं घेऊ.

'फुकट दिलंत, मग अटी कसल्या?' फुकट दिलं म्हणजे हक्क सोडला, असं होत नाही. परवाना हीच वापराची परवानगी आहे. अट मोडलीत की परवानगीचा आधारच गेला.

'आम्ही त्यात पुष्कळ बदल केले.' उत्तम! तुमच्या बदलांवर तुमचं नाव घाला, कुणी अडवलं? दुसऱ्याचं खोडल्याशिवाय तुमचं उमटत नाही का?

'क्लायंटसमोर बरं दिसत नाही.' चोरी उघडी पडल्यावर बरं दिसतं का?

'असल्या परवान्यांना कोर्टात कोण विचारतो?' विचारतात. खेळातल्या रेल्वेगाड्या चालवणाऱ्या जेएमआरआय या खुल्या प्रकल्पाच्या फाइली अशाच नावं काढून उचलल्या गेल्या होत्या. 2008 साली अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयाने निर्वाळा दिला की खुल्या परवान्याच्या अटी मोडणं हा कॉपीराइटचा भंग ठरू शकतो. 2010 मध्ये तडजोड झाली, ती एक लाख डॉलर मोजून. आणि आपल्याकडे? 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 2012 च्या दुरुस्तीने कलम 65ब आलं. कृतीवर असलेलं कर्त्याचं नाव, वापराच्या अटी ही माहिती जाणूनबुजून, अधिकार नसताना काढली, तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. 'वरचं उडवून टाक' म्हणणाऱ्या प्रत्येक सिनिअरने हे कलम एकदा तरी वाचावं.

हा केवळ मानापमानाचा विषय आहे असंही समजू नका. डिसेंबर 2021 मध्ये लॉगफॉरजे या लायब्ररीतलं सुरक्षेचं भयंकर भगदाड जगासमोर आलं, तेव्हा ती आपल्या कुठल्या उत्पादनात दडली आहे, हेच जगभरच्या कितीतरी संस्थांना ठाऊक नव्हतं. ज्या कोडवरचं नावच खोडलं, त्याची दुरुस्ती आली की ती आपल्यासाठी आहे हे कळणार कसं? किंमत मोजणार तो कोड विश्वासाने वापरणारा गिऱ्हाईक.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक उत्पादनासोबत वापरलेल्या लायब्ररींची नावं, आवृत्त्या आणि परवाने यांची फाइल द्या. सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्या प्रत्येक संस्थेने ती फाइल हाती आल्याशिवाय बिल चुकतं करू नये. अभियांत्रिकी महाविद्यालयांनी प्रोजेक्ट तपासताना पहिला प्रश्न परवान्याचा विचारावा.

आणि कोड लिहिणाऱ्या मित्रांनो, उद्या कुणी त्या ओळी काढायला सांगितल्या, तर सरळ नकार द्या, आणि तो नकार ईमेलवर लेखी द्या.