शेवटची तारीख असलेली बातमी आधी सांगा

एरवी इथं ऊस, कांदा, पाणी-खत असंच लिहितो. आज गावकारभारावर लिहितोय, पण विषय शेतीच्या बाहेरचा नाही.

गावाच्या बातम्या आता सगळ्या मोबाईलवर येतात. माझ्या फोनमध्ये गावाचे, वस्तीचे, सोसायटीचे, भावकीचे मिळून सात-आठ ग्रुप आहेत. सकाळी उघडले की वाढदिवसाचे बॅनर, कुणाच्या तरी निवडीबद्दल अभिनंदन, दशक्रिया विधी, आणि कुदळ मारतानाचा भूमिपूजनाचा फोटो. दशक्रियेचा मेसेज पाहिजेच, गावात कोण गेलं ते कळलंच पाहिजे. बाकीचंही असू द्या, हौस आहे. पण ज्या बातमीवर आपल्याला काही करता येतं, ती या गर्दीत एक तर येतच नाही, नाहीतर मुदत संपल्यावर येते.

माझं म्हणणं एवढंच आहे. ज्या बातमीला शेवटची तारीख आहे, ती गावात सगळ्यात आधी आणि सगळ्यात मोठ्यानं सांगितली पाहिजे. भूमिपूजनाचा फोटो आठ दिवसांनी पाहिला तरी माझं काही जात नाही. हरकतीची मुदत आठ दिवसांनी कळली तर जमीन जाऊ शकते.

कालव्याचंच घ्या. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चार धरणांत मिळून 29 टीएमसीच्या आसपास पाणी मावतं. त्यातलं आधी पुणे शहर पितं आणि राहिलेल्यातून नवा मुठा उजवा कालवा हडपसर, लोणी, उरुळी कांचन करत दौंड-इंदापूरपर्यंत जातो. आवर्तन कधी सोडायचं, किती दिवसांचं, हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतं आणि ती बैठक पुण्यात होते. दुसऱ्या दिवशी पेपरात 'आवर्तनाचा निर्णय' एवढं छापून येतं. पण आपल्या कामाची बातमी त्याच्या पुढची असते. पाणी मागणीचा नमुना 7 चा अर्ज कधीपर्यंत भरायचा, थकबाकीदाराला पाणी मिळणार का, आपल्या वितरिकेवर पाळी कोणत्या आठवड्यात येणार. जाहीर प्रकटन निघतं, नाही असं नाही. ते एखाद्या पेपरच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात असतं. ते वाचायला कुणाला सवड आहे?

कांद्याचं रोप दीड महिन्याचं झालं की लावावंच लागतं. ते पाळीसाठी थांबत नाही. पाळीची तारीख पंधरा दिवस आधी पक्की कळली तर माणूस वाफ्यात बी टाकतानाच हिशेब धरतो. चार दिवस आधी कळली तर विहिरीचा अंदाज घ्यायचा आणि देवाचं नाव घ्यायचं. कृषी विभागाचे अधिकारी आणि कॉलेजातली मंडळी हे पान वाचतात म्हणून सांगतो. तुमचं पाणी व्यवस्थापनाचं वेळापत्रक चांगलं असतं, पण त्यात पाण्याची तारीख शेतकऱ्याच्या हातात आहे असं धरलेलं असतं. कालव्याखाली ती हातात नसते.

आता जमिनीचं. पीएमआरडीए 2015 ला आली. बांधकामाची परवानगी, झोन, रस्त्यांची आखणी हे सगळं तिच्याकडं गेलं. 2 ऑगस्ट 2021 ला त्यांनी प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध केला आणि त्यावर हरकती मागवल्या. कोरोनाचा काळ, पाऊस चालू, शेतात कामं. तरी हजारो हरकती गेल्या. पुढं 2025 मध्ये सरकारनं तो आराखडाच रद्द केला. म्हणजे सुटलो असं नाही. पुन्हा आराखडा होणार, पुन्हा नकाशा लागणार, पुन्हा हरकतीची मुदत सुरू होणार. तेव्हा आपल्या गटावरून रस्ता चाललाय की बाग, हे बांधावर बसून कळणार नाही. नकाशा लागला त्याच दिवशी गावात दवंडी झाली पाहिजे, आणि गटनंबर घेऊन बघायला बसवणारा कुणीतरी माहीतगार माणूस चावडीत पाहिजे.

तिसरी बातमी सगळ्यात मोठी. गाव गाव राहणार का शहर होणार?

शेजारी काय झालं ते बघा. ऑक्टोबर 2017 मध्ये फुरसुंगी, उरुळी देवाची धरून 11 गावं पुणे महापालिकेत गेली. 30 जून 2021 ला आणखी 23 गेली, त्यात मांजरी बुद्रुक आपल्या अगदी जवळचं. फुरसुंगी-उरुळीच्या लोकांनी कचरा डेपो तर आधीपासूनच सोसला होता. वर महापालिकेचा कर आला आणि सुविधा मागं राहिल्या, म्हणून आरडाओरडा झाला. 2022 च्या डिसेंबरात ही दोन गावं बाहेर काढायची घोषणा झाली आणि सप्टेंबर 2024 मध्ये त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. सात वर्षांत तीन कारभार. ग्रामपंचायत, महापालिका, नगरपरिषद. त्या सात वर्षांत पाणंद रस्त्याचा अर्ज कुणाकडं द्यायचा हे तिथल्या शेतकऱ्यानं कुणाला विचारायचं?

त्यात 2025 च्या ऑगस्टमध्ये चाकणच्या दौऱ्यात तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार बोलून गेले होते की जिल्ह्यात आणखी तीन महापालिका कराव्या लागतील, त्यातली एक मांजरी-फुरसुंगी-उरुळी देवाची भागात. पारावर लगेच चर्चा सुरू, लोणी जाणार का कदमवाकवस्ती जाणार. जमिनीचे एजंट लोक तर आधीच भाव लावून मोकळे. मी अशा चर्चेला किंमत देत नाही. मी राजपत्राची वाट बघतो. गावं घ्यायची असली की आधी प्रारूप अधिसूचना निघते, हरकती-सूचना मागवतात, मग अंतिम होते. 23 गावांची प्रारूप अधिसूचना डिसेंबर 2020 ला निघाली आणि अंतिम पुढच्या जूनअखेर. मधला तेवढाच काळ आपला असतो.

तसं बघितलं तर आपण आजही अर्धे शहरातच आहोत. लोणी काळभोर पोलीस ठाणं मार्च 2021 ला पुणे ग्रामीणमधून शहर आयुक्तालयात गेलं. बांधकाम पीएमआरडीएकडं. सोलापूर हायवे राष्ट्रीय, त्याचं ऑफिस वेगळं. कालवा जलसंपदाचा. सातबाऱ्याला तलाठी आणि अपर तहसीलदार. शाळा जिल्हा परिषदेची, आणि त्या जिल्हा परिषदेवर मार्च 2022 पासून कितीतरी काळ प्रशासक होता, म्हणजे विचारायला आपला निवडून दिलेला सदस्यच नव्हता. एवढ्या कार्यालयांच्या बातम्या एका जागी गोळा होतील अशी एकच जागा उरते, ती म्हणजे ग्रामपंचायत. ती सगळ्या कार्यालयांची मालक नाही, हे मला कळतं. सरपंचाला कालव्याचं दार उघडता येत नाही. पण नोटीस बोर्डावर तारीख लिहिता येते ना! घंटागाडीच्या भोंग्यावर कचऱ्याचं गाणं वाजतं, त्याच भोंग्यावर 'नमुना 7 ची मुदत अमुक तारखेपर्यंत' एवढं वाक्य वाजवायला किती खर्च आहे?

आणि हे मागायची जागा ग्रामसभा. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 7 प्रमाणं वर्षाला किमान चार सभा घ्याव्याच लागतात. आपल्याकडं साधारण 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर धरतात. नोटीस सात दिवस आधी लागते. सबळ कारण नसताना सभा चुकवल्या तर सरपंचाचं पद जाऊ शकतं. गावातला प्रत्येक मतदार सभेचा सदस्य आहे, निवडून यायची गरज नाही.

गणपूर्ती किती, तर मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 जण, यातला जो आकडा कमी असेल तो. लोणीसारख्या हजारो मतदारांच्या गावाला 100 माणसं पुरतात. आणि तेवढी जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब झालेली सभा पुन्हा भरली की गणपूर्तीची अटच राहत नाही. म्हणजे पंचवीस माणसांत ठराव होतो आणि तो अख्ख्या गावाचा म्हणून पुढं जातो. कुठल्याही गावात असंच चालतं, एका गावाचं नाव घ्यायचं कारण नाही. आपली माणसं म्हणतात, सभेत नुसती भांडणं होतात, आपल्याला काय करायचंय. अहो, भांडणं होतात कारण तिथं काहीतरी ठरत असतं.

इथं एक गोष्ट मोकळेपणानं बोलतो, काहींना आवडणार नाही. गावात आता नवीन राहायला आलेले खूप आहेत. सोसायट्या झाल्या, विद्यापीठामुळं पोरं आली, तेल डेपोवर, गोदामांत कामाला माणसं आली. आपले लोक त्यांना 'बाहेरचे' म्हणून नाक मुरडतात. मी बघतो, सभेला ते मागणी लिहून आणतात. ड्रेनेज, लाईट, पाणी, तारखेसह, सह्यांसह. ग्रामसेवकाच्या हातात देतात आणि पोच घेतात. आपण काय आणतो? आवाज. मग विषयपत्रिकेवर ड्रेनेज येतं आणि पाणंद 'ऐनवेळचे विषय' यात जाते. यात त्यांची काय चूक? 15 व्या वित्त आयोगाच्या पैशातला 60 टक्के भाग तसाही पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता. राहिलेल्या 40 टक्के अबंधित पैशात पाणंदीची मोरी बसवायची, तर ती मागणी आराखड्यात आधी जायला लागते. कोणत्या कामाला किती पैसे पडले हे ईग्रामस्वराजवर गावाचं नाव टाकलं की दिसतं. घरात दहावी-बारावीचं पोरगं असेल तर दहा मिनिटांचं काम आहे.

शहरात गेल्यावर ही ग्रामसभा राहत नाही. शहराच्या कायद्यात क्षेत्रसभा नावाचा प्रकार आहे, पण भरलेली क्षेत्रसभा पाहिलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. नगरसेवक भेटतो, लग्नात. गाव शहरात जाऊच नये असं माझं म्हणणं नाही. ज्यांच्या दारात टँकर येतो त्यांना पाईपलाईन पाहिजे, त्यांचंही बरोबर आहे. पण जायचं असेल तर ते शंभर माणसांनी समोरासमोर बोलून, कर किती, पाणंदी कुणाच्या, शेतीचा झोन राहणार का, हे विचारून. आणि ते विचारायला ग्रामसभा आज आहे.

मी स्वतः पुढच्या सभेसाठी तीन विषय लेखी दिलेत. पहिला, कालव्याचं आवर्तन, नमुना 7 ची मुदत, राजपत्रातल्या अधिसूचना आणि हरकतींच्या तारखा यांचा वेगळा फळा असावा, आणि तोच मजकूर ग्रुपवर. त्या ग्रुपवर दुसरं काही टाकायचं नाही, फक्त प्रशासकच टाकेल असं सेटिंग करायचं. वाढदिवसाला बाकीचे ग्रुप आहेत की.

दुसरा, ग्रामसभेचं इतिवृत्त आठ दिवसांत फळ्यावर. कोणता ठराव, सूचक कोण, अनुमोदक कोण.

तिसरा बेबी कालव्याचा. मुंढव्याच्या जॅकवेलमधून शहराचं प्रक्रिया केलेलं म्हणून जे पाणी सोडतात, त्याच्या तपासणीचे अहवाल मागवून ते सभेत वाचावेत. नुसतं 'पाणी योग्य' असं एक ओळीचं पत्र नको. क्षारता, सोडियमचं प्रमाण, बोरॉन, आकड्यात पाहिजे. क्षारता म्हणजे ईसी 0.7 डेसीसायमनच्या आत असेल तर काळजी नाही. तिथून 3 पर्यंत पीक बघून, निचरा बघून द्यायचं. 3 च्या वर गेली तर आपल्या काळ्या भारी जमिनीत ते पाणी चालवणं म्हणजे रान हातानं बिघडवणं. घेवडा आणि कांदा आधी मार खातात, ऊस जरा जास्त सोसतो. म्हणूनच उसावरून पाण्याचा अंदाज करू नका. ऊस हिरवा दिसत राहतो आणि खाली जमीन चोपण व्हायला लागते. कृषी महाविद्यालयातल्या किंवा केव्हीकेतल्या कुणाला हे आकडे सभेत समजावून सांगायला यायला जमत असेल तर कळवा, गाडीची सोय मी करतो.

अर्जाची पोच घेतली आहे. अर्जात शेवटी एक ओळ जास्तीची लिहिली आहे, की सभेची वेळ सकाळी दूध घालून झाल्यावर, साडेनऊच्या पुढची ठेवावी. बायकांची महिला ग्रामसभा नियमानं आधी असते, त्याचीही तारीख त्याच फळ्यावर लावावी. नोटीस लागली की दोन्ही तारखा इथं टाकतो.