विद्यार्थ्याचा चित्रसंग्रह

कलेच्या विद्यार्थ्यानें आपल्या कामाचा संग्रह ठेवावा, हें सर्वमान्य आहे. परंतु त्यांत काय असावें, याचा विचार क्वचितच होतो. छापील चित्रांच्या सुबक नकलांनीं वही भरते, दृष्टि मात्र तयार होत नाहीं. पेन्सिल बारकाईनें पाहावयास शिकविते. जलरंग सहज पुसतां येत नाहीं, म्हणून तो निश्चय शिकवितो. ओली माती वस्तूची मागली बाजूही पाहावयास लाविते. म्हणून संग्रहांत माध्यमें अनेक असावीं, पण विषय आपल्या भोवतालचे असावे.

गोव्याचे चित्रकार आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) शांतिनिकेतनांत शिकले व पुढें पुण्यास शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमांत राहून त्यांनीं चित्रें काढलीं. त्यांची मरियामाता भारतीय स्त्रीच्या रूपांत, साडी नेसलेली आहे. त्याबद्दल त्यांना स्वकीयांचा रोष सोसावा लागला. तरी त्यांनीं आपली दृष्टि सोडली नाहीं.

येरवड्याच्या विद्यार्थ्यांनो, मुळा-मुठेचा काठ, बाजारांतील भाजीवाली, घरांतील आजी, हेंच तुमचें चित्रभांडार होय. आणि पालकहो, फसलेला कागद रद्दींत टाकूं नका. त्यावर तारीख घालून तो जपा. पाल्याची प्रगति गुणपत्रिकेपेक्षां तेथें अधिक स्पष्ट दिसेल.