हिरा घासावा, हत्यार घासू नये

सुरत हे पारख्यांचे शहर. मोगल अमदानीत तेथे टाकसाळ होती, आणि टाकसाळीइतकाच दरारा सराफाच्या बोटांचा होता. रुपया नवा असला तर पुऱ्या भावाने चाले. वर्षे उलटून हातोहात झिजला की त्यावर बट्टा बसे. सराफ नाणे तोलून, वाजवून पाही आणि कित्येकदा त्यावर आपली बारीकशी खूण ठोकून देई. आज महिधरपुऱ्यात नि वराछ्यात भर रस्त्यावर कागदाच्या पुडीतले हिरे पसरून बसणारे दलाल हे त्या सराफांचेच वारस म्हणायला हरकत नाही. जगातल्या दर दहा हिऱ्यांपैकी नऊ सुरतेत घासले जातात असे सांगतात. अशा गावच्या माणसाला पारखीच्या चार गोष्टी सांगणे हे धाडसच आहे. तरी ते करतो, कारण एका जिनसेच्या बाबतीत सुरतेची ही पिढीजात अक्कल नेमकी उलट्या दिशेने चालते. ती जिन्नस म्हणजे जुने, वापरून झिजलेले रिव्हॉल्व्हर.

बडोद्याच्या वाचकाला हा विषय परका वाटू नये. आपल्याकडे सरदार-दरकदारांच्या वाड्यांतून अशी हत्यारे पिढ्यान्‌पिढ्या तिजोरीत पडून आहेत. सुरतेच्या बाजूला पारशी घराणी, अनाविल देसाई, सचिन, वांसदा, धरमपूर या संस्थानांशी संबंध असलेली कुटुंबे, डांगच्या जंगलात शिकारीला जाणारे जुने शौकीन, यांच्याकडेही ती असायची. 2019 च्या डिसेंबरात शस्त्र कायदा दुरुस्त झाला आणि एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवण्याची मुभा उरली. वारसाहक्काने आलेल्या हत्यारांनाही तीच मर्यादा लागू झाली आणि तिसऱ्याची सोय लावण्यास एक वर्षाची मुदत मिळाली. आजोबांचे रिव्हॉल्व्हर, वडिलांची दुनळी आणि स्वतःची रायफल, यांतले काय काढायचे हा प्रश्न घराघरात उभा राहिला. पुष्कळ ठिकाणी निकाल आजोबांच्या विरुद्ध गेला असणार. कारण उघड होते. ते सर्वांत जुने, रंग उडालेले, मूठ तडकलेली.

आणि विकायला काढायचे म्हटले की आपला माणूस आधी काय करतो? घासतो. पितळी समई घासावी तसे घासतो. घरच्या फडक्याने भागले नाही तर एखाद्या मुलामेवाल्याकडे पाठवून त्यावर निकेल चढवतो किंवा काळा-निळा रंग नव्याने देवून आणतो.

सुरतेचे एक स्नेही हिऱ्याच्या दलालीत आहेत. परवाना बाळगून आहेत आणि जुन्या वस्तूंचे हौशी आहेत. त्यांनी मध्यंतरी असे एक वेबली रिव्हॉल्व्हर घेण्याचे मनात आणले होते. “काका, आरशासारखं आहे, तोंड दिसतं त्यात,” असे ते कौतुकाने सांगू लागले. विकणाराने भावही त्या आरशाचाच लावला होता. हिऱ्याच्या माणसाला ते पटले यात नवल नाही. खाणीतला खडा घासल्यावाचून त्याला किंमत येत नाही, आणि घासणाऱ्याच्या हातच्या एकेका पैलूने ती वाढत जाते, हे तो आयुष्यभर पाहत आला. पण खडा घासल्याने त्याच्या पोटातले तेज बाहेर येते. रिव्हॉल्व्हरच्या पोटात असे काही नसते. त्याचे जे काही आहे ते कातडीवर आहे: कारखान्याचे नाव, अनुक्रमांक, चाचणीगृहाच्या मोहरा, मूळ मुलाम्याचा अवशेष, आणि एका विशिष्ट माणसाने विशिष्ट रीतीने ते बाळगल्याच्या खुणा. सहाणेचे चाक फिरले की यांतले थोडे थोडे सगळेच जाते, आणि गेलेले पोलाद परत चढत नाही.

म्हणून आमचे मत असे, की झिजलेल्या रिव्हॉल्व्हरची पारख करताना पहिला प्रश्न ‘किती झिजले’ हा नसावा. ‘कशाने झिजले’ हा असावा. वापराची झीज एक असते, सहाणेची दुसरी. कातडी म्यानात वर्षानुवर्षे राहिलेल्या हत्याराचा मुलामा नळीच्या तोंडाशी आणि उंच कडांवर उडतो. मुठीच्या मागच्या पट्टीवर हाताच्या घामाने तपकिरी छटा येते. खाचाखोचांत मात्र मूळ निळसर काळेपणा शिल्लक राहतो. ही झीज सरळ माणसाच्या बोलण्यासारखी असते, एका जागचे दुसरीकडे जुळते. घासलेल्या हत्यारात असे जुळत नाही. अक्षरांच्या कडा पुसट होतात, एका बाजूचे अक्षर खोल तर दुसऱ्या बाजूचे उथळ दिसते, स्क्रूच्या भोकांभोवती बशीसारखा खोलगटपणा येतो, ज्या कडा कारखान्यातून धारदार निघाल्या त्या साबणाच्या वडीसारख्या गोल होतात. आणि सर्वांत बोलकी खूण ही की गंजाचे बारीक खळगे असावेत आणि त्या खळग्यांच्या तळाशीही चकचकीत नवा रंग असावा. गंज आधी, रंग मागाहून, हे सांगायला मग साक्षीदार लागत नाही. हे सारे तपासायला सुरतेच्या दलालाच्या खिशात असते ते दहापट दाखवणारे भिंग पुरे.

अंतरंगाची तपासणी त्या मानाने सोपी आहे, म्हणून थोडक्यात आटोपतो. हत्यार रिकामे आहे याची खात्री स्वतः करून, परवानाधारक विक्रेत्याच्या दुकानात बसून ती करावी. नळीतून उजेडाकडे पाहावे. आतले आटे स्वच्छ दिसतात की जुन्या काडतुसांच्या क्षाराने खाल्ले गेलेत ते कळते. घोडा हळूच मागे ओढताना काडतुसांची फिरती चकरी जागच्या जागी येऊन घट्ट बसते का, की डुगडुगते, ते पाहावे. वेबली मधोमध मोडून उघडते, तेव्हा बिजागरी आणि वरचा खटका ढिला झाला आहे का हे पाहावे. चाप ओढून रिकामे खटखट वाजवण्याची हौस मात्र टाळावी. शंभर वर्षांच्या स्प्रिंगा त्यासाठी नसतात.

मग येते नाव. इंग्रजी नावाला आपल्याकडे अजून भलता मान आहे, आणि त्याचा फायदा बेल्जियमच्या लिएज शहरातल्या कारागिरांनी एकोणिसाव्या शतकातच घेतला. त्यांनी विलायती घाटाची स्वस्त रिव्हॉल्व्हरे ढिगांनी केली. पण लिएजच्या चाचणीगृहाची मोहर, लंबगोलात ‘ई एल जी’ ही रोमन अक्षरे, बहुधा चकरीवर बारीक ठोकलेली सापडते. नळीवर लंडनचे नाव आणि चकरीवर लिएजची मोहर असली तर कोणावर विश्वास ठेवावा हे सांगायला नकोच. उलट बाजूही आहे. वेबली नावाची रिव्हॉल्व्हरे आता उत्तर प्रदेशात संडीला येथेही बनतात. तेव्हा नाव ते आणि वय शंभर हे समीकरण नेहमीच बरोबर येईल असे नाही.

नावाहून फसवी गोष्ट म्हणजे कहाणी. हत्याराबरोबर एक कहाणी फुकट मिळते आणि तिचे पैसे मात्र हत्याराच्या किमतीत धरलेले असतात. आपल्या भागात सर्वांत खपणारी कहाणी सत्तावन्न सालची. तात्या टोपे 1858 च्या डिसेंबरात छोटा उदेपूरपर्यंत आले होते ही गोष्ट खरीच आहे. त्यामुळे पूर्व गुजरातेतल्या प्रत्येक गंजक्या पिस्तुलाला तात्यांचा हात लागल्याचे सांगता येते. पण मधोमध मोडून उघडणारे वेबली इंग्रजी फौजेत आले 1887 साली. सत्तावन्नच्या धामधुमीत इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेला ॲडम्स, ट्रँटर, कोल्ट ही दारू नि गोळी चकरीत पुढून ठासून, मागे टोपी चढवून उडवायची रिव्हॉल्व्हरे असत. धातूचे काडतूस घेणारे वेबली दाखवून कोणी तात्यांचे नाव घेतले, तर त्याला नम्रपणे नमस्कार करून उठावे. दुसरी लाडकी कहाणी कलकत्त्याच्या रॉडा कंपनीच्या लुटीची. 26 ऑगस्ट 1914 ला क्रांतिकारकांनी त्या कंपनीच्या मालातून 50 पिस्तुले पळवली, हा इतिहास आहे. पण ती सारी माउझर पिस्तुले होती. रॉडाचे नाव कोरलेले रिव्हॉल्व्हर मिळाले तर ते रॉडाने विकलेले आहे एवढेच सिद्ध होते. तेवढ्यानेही त्याला मोल येते, पण ते व्यापाराच्या इतिहासाचे मोल, क्रांतीचे नव्हे.

कहाणी खरी असेल तर ती बहुधा आकड्यात दडलेली असते. 17 डिसेंबर 1928 ला लाहोरात साँडर्सवर झाडलेल्या भगतसिंगांच्या .32 कोल्ट पिस्तुलाची हकीकत या दृष्टीने प्रत्येक हौशाने ध्यानात ठेवावी. (ते पिस्तूल होते, रिव्हॉल्व्हर नव्हे, पण मुद्दा तोच.) सीमा सुरक्षा दलाच्या इंदूरच्या शस्त्रशाळेत ते इतर हत्यारांत वर्षानुवर्षे निनावी पडून होते, आणि गंज लागू नये म्हणून त्यावर काळा रंग फासलेला होता. 2016 च्या सुमारास रंग खरवडून पाहिला, खाली अनुक्रमांक निघाला, आणि तो जुन्या कागदपत्रांशी जुळला. पुढे ते पंजाबात हुसैनीवाला येथे गेले. रंगाच्या जागी कोणा उत्साही माणसाने सहाण लावली असती तर? आज ते एक जुने कोल्ट उरले असते, इतकेच.

अनुक्रमांकाला कायद्याचाही आधार आहे, आणि हौशी माणसे इथेच गोत्यात येतात. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या आठव्या कलमान्वये बंदुकीवरचे नाव, क्रमांक वा ओळखीची खूण पुसणे, काढणे, बदलणे यांस बंदी आहे. त्याहून कडक भाग असा की खूण पुसलेली बंदूक ज्याच्या ताब्यात सापडेल त्यानेच ती पुसली असे, उलट सिद्ध होईपर्यंत, गृहीत धरले जाते. म्हणजे मुलामेवाल्याने चकचकीतपणाच्या भरात दोन आकडे खाल्ले, विकणाऱ्याने पैसे मोजून घेतले, आणि जबाब द्यायला उभा राहिला खरेदीदार! ‘अँटिक आहे, परवाना लागत नाही’ हे वाक्यही बाजारात फार ऐकू येते. पंचेचाळिसावे कलम जुन्या धाटणीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या वा नादुरुस्त हत्यारांना सूट देते खरे. पण दुरुस्तीने वा दुरुस्तीवाचूनही ते बंदूक म्हणून चालू शकणार नाही ही अट त्याबरोबर आहे. एक स्प्रिंग बदलली की गोळी सुटेल अशा रिव्हॉल्व्हराला ही सूट आहे असे धरून चालू नये. तीच गोष्ट हस्तिदंती मुठीची. मूळची काळी व्हल्कनाइटची मूठ काढून हस्तिदंती बसवली की भाव वाढतो अशी समजूत आहे. हस्तिदंताचा व्यापार आपल्याकडे वन्यजीव कायद्याने बंद आहे, आणि मूळ मूठ गेल्याचे नुकसान वेगळेच. सुरतेचे जे आप्त विलायतेत आहेत आणि तिकडे नेण्यासाठी काही जुने पाहतात, त्यांनीही जाणावे, की शंभर वर्षांहून जुनी वस्तू 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही.

परदेशात या जिनसांना काय किंमत येते याच्या बातम्या वाचून आपल्या लोकांची डोकी फिरतात. त्या बातम्या नीट वाचल्या तर वेगळेच दिसेल. पॅरिसला 2016 साली कवी व्हर्लेनचे रिव्हॉल्व्हर 4,34,500 युरोंना गेले. त्याने 10 जुलै 1873 ला ब्रुसेल्समध्ये रँबोवर त्यातून गोळी झाडली होती. त्याच पॅरिसला 2019 च्या जूनमध्ये दुसरे एक रिव्हॉल्व्हर 1,62,500 युरोंना विकले गेले. हे ओव्हेरच्या शेतात एका शेतकऱ्याला सापडलेले, गंजून पार लोखंडाचा सांगाडा झालेले. चित्रकार व्हान गॉगने 1890 साली स्वतःवर झाडलेले ते हेच असावे, अशी शक्यता. दोन्ही लेफोशे धाटणीची, दोन्ही सात मिलिमीटरची. एकामागे खटला आणि त्याचे दप्तर उभे होते. दुसऱ्यामागे जागा, गोळीचे माप आणि जमिनीत पडून राहिल्याचा काळ, एवढ्यावरून केलेला तर्क. किमतीतला फरक माझ्या मते मुख्यतः त्या दप्तराचा आहे. आणि गंजलेल्याला जे काही आले ते तो गंज कोणी काढला नाही म्हणून आले. जमिनीत किती वर्षे होते हे गंजच सांगत होता.

आपल्याकडचा भाव आणखी एका कारणाने फसवा असतो. खासगी माणसाला परदेशी हत्यार आयात करणे 1980 च्या दशकापासून जवळजवळ बंदच झाले. त्यामुळे जुन्या विलायती रिव्हॉल्व्हराला जी किंमत मागतात तीत संग्रहाचे मोल किती आणि केवळ टंचाईचे किती हे वेगळे काढणे अवघड होते. वापरासाठी घेणाऱ्याला नवी चकरी बसवलेले, रंग दिलेले चालेल, किंबहुना तेच बरे वाटेल. संग्रहासाठी घेणाऱ्याने त्याच वस्तूला निम्म्याने मागावे. दोघेही एकाच दुकानात एकाच भावाने घासाघीस करतात हे सुरतेसारख्या शहराला शोभत नाही. एकेका हिऱ्याला रंग, पाणी, घाट यांवरून वेगळा भाव लावणाऱ्या लोकांनी पोलादाचा एकच भाव का मानावा?

एका परवानाधारकाने दुसऱ्याला हत्यार विकायचे तर जिल्हा दंडाधिकाऱ्याला आधी लेखी कळवून 45 दिवस थांबावे लागते. लोक या मुदतीला कटकट म्हणतात. खरेदीदाराने ती आपल्या पथ्यावर पडलेली समजावी. तेवढ्या दिवसांत क्रमांक विकणाऱ्याच्या परवान्याशी ताडून पाहावा, जुने परवाने नि खरेदीच्या पावत्या घरात कुठे आहेत का ते विचारावे, हत्यार एकदा तरी सकाळच्या उन्हात, भिंगाखाली, तासभर पाहावे. आणि विकणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे, की पैसे ठरल्याप्रमाणे देईन, पण मध्यंतरी याला तेलाच्या फडक्यापलीकडे काही लागले तर सौदा मोडला.