आधी वीज, मग तपन

उन्हाळ्याचा अंदाज आला की चावडीवर पहिला प्रश्न असतो, यंदा पारा कुठवर चढणार? प्रश्न रास्त आहे. पण गोंदिया जिल्ह्याचा उन्हाळा नुसत्या पाऱ्यावर मोजता येत नाही. मार्चपासून मेपर्यंत आपल्याकडे आभाळ आणि ऊन यांची पाळी लागलेली असते. तीन-चार दिवस दुपारनंतर ढग, वादळवारा, विजा, कुठे गारा; आणि आभाळ निवळले की चढती तपन. दोन्हींचा फटका एकाच शिवाराला बसतो. म्हणून अंदाज वाचताना 'पाऊस येणार' एवढ्यावर थांबू नये, पाऊस गेल्यावर काय येणार तेही वाचावे.

हे का होते? तापलेल्या जमिनीवरची हवा वर उठते. त्याच वेळी बंगालच्या उपसागराकडून दमट वारे विदर्भात शिरले की दुपारी तीन-चारनंतर ढग उभे राहतात. ही ओल ओसरली की वारा फिरतो. राजस्थानाकडून कोरडे वारे येतात, ढगांची सावली जाते आणि दोन-तीन दिवसांत पारा चार-पाच अंशांनीही चढू शकतो. गारव्याला सरावलेल्या अंगाला ही चढण सोसत नाही. आणि नेमका तेव्हाच 'पाऊस पडून गेला, आता बरं आहे' म्हणून माणूस बेसावध असतो.

आता धानाचे पाहू. इटियाडोह, बाघ प्रकल्प किंवा बोअरच्या पाण्यावर ज्यांनी उन्हाळी धान लावला, त्यांचे पीक साधारण मार्चअखेर ते एप्रिलमध्ये फुलोऱ्यात आणि मे महिन्यात कापणीला येते. फुलोऱ्याच्या वेळी तापमान ३५ अंशांच्या वर गेले तर दाणे पोचट राहण्याचे प्रमाण वाढते. अशा दिवसांत बांधीत दोन इंच पाणी उभे असले तर पिकाला थोडा आधार मिळतो. कापणीच्या वेळी ढगांचा इशारा असेल तर दोन दिवस विळा थांबवा. कापून झाले असेल तर कडपा उचलून पुंजणे घाला आणि ताडपत्रीने झाका. खरेदी केंद्रावर १७ टक्क्यांहून जास्त ओलावा असलेला धान चालत नाही. पण भिजलेला धान कडक उन्हात एकदम तापवला तर दाण्याला चिरा जातात आणि भरडाईत कणी जास्त निघते. तो पातळ पसरावा, वारंवार उलटावा आणि ऐन दुपारी झाकावा.

धान गेला तर पुढच्या हंगामात येईल, माणूस येत नाही. आपल्याकडे बांध्या सपाट, धुऱ्यावर एखादे मोहाचे झाड, आणि पाऊस आला की पाय आपोआप त्याच झाडाकडे वळतात. उघड्या शिवारात तेच सर्वांत उंच असते. वीज झाडावर पडते आणि जमिनीतून पसरते. ढोरांच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त असते, म्हणून झाडाखालची ढोरे एकदमच दगावतात. चमक दिसल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज साधारण दहा किलोमीटरच्या आत आहे असे समजा आणि पक्के घर गाठा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. घर लांब असेल तर पाण्यातून बाहेर या, झाडापासून दूर, दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' अॅप जवळच्या विजेचा इशारा देते. गावातल्या पोरांनी ते मोबाइलवर घ्यावे आणि आपल्या बापाला, गुराख्याला सांगावे.

खरी अडचण पुढेच आहे. हवामान खाते जिल्हावार इशारे पिवळ्या, नारिंगी, लाल रंगांत पाच दिवस आधी देते. दर गुरुवारी पुढच्या काही आठवड्यांचा कलही सांगते. हा कागद तहसीलपर्यंत पोचतो. बांधीवरच्या बाईपर्यंत पोचतो का? ग्रामपंचायतीने लाऊडस्पीकरवरून किंवा दवंडी पिटून सकाळीच इशारा सांगावा. नारिंगी इशारा असला तर रोजगार हमीची कामे दुपारआधी उरकावीत. तेंदूपाने तोडणाऱ्यांना संकलन केंद्रावर सावली आणि पाणी मिळावे. मोबाइलवर फिरणाऱ्या आकड्यांवर मात्र विसंबू नये. मे २०२४ मध्ये नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि बातमी देशभर फिरली. पुढे तो यंत्राचा दोष निघाला. मैदानी भागात ४० अंशांच्या वर पारा आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त, किंवा थेट ४५ अंश, ही उष्णतेच्या लाटेची खूण आहे. एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

नुकसान झालेच तर पंचनामा हाच आधार. २०२५ च्या खरिपापासून राज्याने पीक विम्याची भरपाई पीक कापणी प्रयोगावर बेतली. मंडळाच्या सरासरीत एका गावाची गारपीट हरवू शकते. सरकारी मदतीसाठी ३३ टक्के नुकसान नोंदले जावे लागते आणि ते पाहण्याआधीच ऊन पडून शेत वाळते, खुणा पुसल्या जातात. म्हणून तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी), ग्रामसेवक आणि कृषी सहायक यांनी वादळानंतर दुसऱ्याच दिवशी बांधीवर जावे. शेतकऱ्यानेही फोटो काढून अर्ज द्यावा. विजेने माणूस दगावला तर वारसांना चार लाखांची मदत आहे. पण शवविच्छेदन आणि पंचनाम्याशिवाय ती मिळत नाही. दुःखाच्या घरी हे सांगायला गावाने सोबत जावे.

आभाळ आपल्या हाती नाही. पण आभाळ भरल्यावर कोण कुठे असेल आणि ते निवळल्यावर दुपारी कोण बांधीत राबेल, हे गाव ठरवू शकते. मोहफुले पडू लागण्याआधीच ग्रामसभेने हा विषय घ्यावा.